तेल गळणारच, पण ते पडणार कुठे?

माझा भाचा अकरावीत आहे आणि त्याला विमानांचं वेड आहे. पिंपळगाव बसवंतच्या पोराला हे वेड लागावं यात नवल काहीच नाही. ओझर इथून हाकेच्या अंतरावर. १९६४ साली मिग विमानांसाठी तिथे एचएएलचा कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० तिथेच जोडली जाऊ लागली. आमच्या पिढीने द्राक्षबागेत मान वर करून ती विमानं पाहिली आणि पुन्हा कामाला लागली. भाच्याने मान खाली घेतलीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांकडून जुनं फोर-स्ट्रोक इंजिन मिळवलं. मुठीत मावेल एवढं. बाल्सा लाकडाची चौकट, वर चिकटवलेली फिल्म, पुढे लाकडी पंखा आणि मध्ये हे इंजिन. त्याचा आवाज ऐकून आमचे अब्बा खाटेवरून उठून बसले होते. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. म्हणाले, "ये तो असली इंजन है!"

गोष्ट त्या इंजिनाची आहे, आणि त्याच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या दोन-चार थेंबांची. थेंब छोटे आहेत म्हणून विषय छोटा आहे, असं कृपया समजू नका.

या छोट्या इंजिनात आणि तुमच्या मोटरसायकलच्या इंजिनात एक मोठा फरक आहे. मोटरसायकलच्या इंजिनाखाली तेलाचा साठा असतो. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. विमानाच्या या छोट्या इंजिनात तसा साठा नसतो. तेल इंधनातच मिसळलेलं असतं. मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण १५ ते २० टक्के तेल. कधी एरंडेल, कधी कृत्रिम, कधी दोन्ही. इंधन जळतं तेव्हा त्यातलं बरंचसं तेल सायलेन्सरमधून बाहेर फेकलं जातं. थोडं तेल मात्र पिस्टनच्या रिंगेजवळून निसटून खाली उतरतं. त्याच तेलावर आतल्या बेअरिंगचं, कॅमचं आणि टॅपेटचं भागतं. तिथलं काम झालं की ते बाहेर पडायला वाट शोधतं. म्हणून इंजिनाच्या मागच्या किंवा खालच्या अंगाला एक बारीक निप्पल दिलेलं असतं. तो ब्रीदर. म्हणजे इंजिनाची श्वास घ्यायची जागा.

पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या पोकळीतली हवा दाबली जाते, वर जातो तेव्हा ओढली जाते. मिनिटाला हजारो वेळा. त्या प्रत्येक श्वासाबरोबर तेलाचा किंचित फवारा बाहेर येतो. हा इंजिनाचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. जपानच्या ओएस कंपनीने १९७६ साली एफएस-६० हे इंजिन बाजारात आणलं. मोठ्या संख्येने बनवलेलं या जातीचं ते पहिलं इंजिन मानलं जातं. तेव्हापासून आजवर ज्याने असं इंजिन उडवलं, त्याच्या विमानाच्या पोटावर तेल आलंच.

माझ्या भाच्याला ते आवडलं नाही. प्रत्येक उड्डाणानंतर विमान पुसावं लागे. फिल्मच्या सांध्यातून तेल लाकडात मुरू लागलं. एकदा बाल्साने तेल प्यायलं की त्यावर गोंद धरत नाही, फिल्म सुटते आणि लाकूड जड होतं. पोराने एक दिवस साधा उपाय केला. ब्रीदरवर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि त्यात स्क्रू पिळून तोंड बंद करून टाकलं. गळती थांबली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोंगणी होऊन मोकळ्या झालेल्या रानात तो विमान उडवत होता. (ओझरच्या धावपट्टीमुळे इथे कुठेही उडवता येत नाही, डिजिटल स्कायचा नकाशा बघूनच जागा ठरवावी लागते, तेवढी शिस्त त्याला आहे.) पहिली काही मिनिटं ठीक गेली. मग आवाज बसू लागला. बाहेर पडायला जागा न मिळालेलं तेल पुढच्या बेअरिंगमधून उसळून आलं, काही रिंगेवरून वर चढलं, ग्लो प्लग भिजला आणि इंजिन हवेतच विझलं. विमान फिरवून मोकळ्या रानात आणायला उंची उरली नव्हती. ते शेजारच्या आण्णांच्या द्राक्षबागेत उतरलं. उतरलं कसलं, शिरलं.

कुणाला लागलं नाही, ही मोठी गोष्ट. तार तुटली नाही, चार फांद्या मोडल्या. आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा आण्णा विमानाकडे बघतही नव्हते. त्यांनी एक पान तोडून नाकाशी धरलं होतं. मणी फुगायच्या अवस्थेत होते आणि पानावर, दोन घडांवर चकचकीत काहीतरी ओघळलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काय सांडलंय माझ्या मालावर? माल युरोपला जायचाय."

निफाड तालुक्याच्या बाहेरच्या वाचकांना या वाक्याचं वजन कदाचित कळणार नाही. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले. त्या एका हंगामाने इथली कित्येक घरं बसली. तेव्हापासून इथला निर्यातदार शेतकरी कोणत्या तारखेला काय फवारलं आणि काढणीला किती दिवस उरले हे वहीत लिहून ठेवतो. माल प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय गावाबाहेर पडत नाही. अशा माणसाच्या घडावर आमच्या पोराचं मिथेनॉल आणि एरंडेल पडलं होतं. आण्णांनी त्या दोन वेलींवरचे घड निर्यातीतून वेगळे काढले. भरपाईचं नाव काढू दिलं नाही. आम्हाला ते जास्त लागलं.

घरी आल्यावर अब्बांनी इंजिन हातात घेतलं, तो स्क्रू पाहिला आणि नातवाला एवढंच म्हणाले, "ज्याला श्वास घ्यायचाय त्याचं तोंड दाबायचं नसतं. तो थुंकणार कुठे, एवढं बघणं आपलं काम."

मला वाटतं सगळा विषय या दोन वाक्यांत आहे. आपण एकतर नळीचं तोंड दाबतो, नाहीतर ती मोकळी सोडून देतो. तिसरं, म्हणजे तिच्याखाली बाटली धरणं, आपल्याला कमीपणाचं वाटतं.

ती बाटली कशी धरायची ते आधी सांगतो, कारण तत्त्वज्ञानापेक्षा ते उपयोगाचं आहे. ब्रीदरच्या निप्पलवर सिलिकॉनची नळी चढवायची. ती कुठे दुमडू द्यायची नाही, शक्यतो उताराने खाली न्यायची. एवढ्यावर थांबायचं असेल तर टोक विमानाच्या पोटाखाली थोडं बाहेर काढायचं, म्हणजे तेल लाकडावर न पडता वाऱ्यावर जातं. टोकाचं तोंड समोरच्या वाऱ्याकडे ठेवायचं नाही; मागे ठेवायचं. पण हा अर्धा उपाय झाला. त्याने विमान वाचतं, शेजाऱ्याची बाग वाचत नाही. पूर्ण उपाय म्हणजे आत एक छोटी हलकी प्लास्टिकची बाटली बसवायची आणि नळी तिच्यात सोडायची. बाटलीला दुसरं भोक हवंच, हवा बाहेर जाण्यासाठी. ते वरच्या बाजूला ठेवायचं आणि आत स्पंजचा तुकडा घालायचा, म्हणजे तेल आत राहतं आणि हवा निघून जाते. दुसरं भोक विसरलात तर ती बाटली नाही, आमच्या भाच्याचा स्क्रूच आहे. काही इंजिनांत हा वाफारा पुन्हा कार्बुरेटरच्या बाजूला ओढून घ्यायची सोय कारखान्यातूनच असते. तिथे ठीक. आपल्या मनाने तसली जोडणी करू नये, इंधनाचं प्रमाण बिघडतं.

जमलेलं तेल पुन्हा इंधनात ओतायचं नाही. चांगलं दिसलं तरी नाही. त्यात मिथेनॉलने ओढलेलं पाणी असतं, नायट्रोमिथेन जळून तयार झालेलं आम्ल असतं आणि झिजलेल्या धातूची पूड असते. तेच पाणी आणि तेच आम्ल इंजिनाच्या पोटातही उरतं, म्हणून संध्याकाळी नळी काढून, टाकीतलं इंधन संपवून इंजिन कोरडं करायचं आणि ब्रीदरमधूनच चांगल्या तेलाचे काही थेंब आत सोडून पंखा हाताने फिरवायचा. नाहीतर महिन्याभरात बेअरिंगला गंज. आणि हे सगळं हातमोजे घालून. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं आणि दिवसा त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही.

बाटलीचा आणखी एक फायदा आहे, जो मला अब्बांनी दाखवला. बाटलीतलं तेल बोलतं. करडी चमक दिसली तर बेअरिंग किंवा कॅम झिजतोय. तांबूस झालं तर आत गंज धरलाय. फार काळं आणि फार जास्त येऊ लागलं तर रिंग गेली, जळालेला वायू खाली उतरतोय. ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीला हे शिकवावं लागत नाही. तो ऑइल भरायचं झाकण उघडतो, हात धरतो, धूर बघतो आणि "बॅक कंप्रेशन मारतंय" म्हणून सांगतो. जे आपण जमिनीत जिरवून टाकतो, तोच खरं तर इंजिनाचा रक्त तपासणीचा अहवाल असतो.

आता कुणी म्हणेल, "अहो, पोराच्या खेळण्यातून पडणारं तेल ते किती?" हिशेब करू. ३०० मिलिलिटरची टाकी, त्यात १८ टक्के तेल, म्हणजे एका टाकीला ५४ मिलिलिटर तेल. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे उडून जातं, ब्रीदरच्या वाट्याला थोडंच येतं. जगाच्या दृष्टीने हे काहीच नाही. मान्य. पण आण्णांच्या दोन वेलींना ते पुरेसं झालं. प्रदूषण जगावर पडत नसतं, ते कुणाच्या तरी अंगणात पडतं. दुसरा सल्ला मीच दिला होता: बॅटरीवरची मोटर घे. भाचा म्हणाला, "मामू, मग मला इंजिन कधी कळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय फुगलेली लिथियम बॅटरी आमच्या गावात लोक कुठे फेकतात, हे मला माहीत आहे. साधन बदललं म्हणून जबाबदारी संपत नाही.

या बाबतीत जगाचा इतिहासही सरळ नाही. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत एरंडेलच वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. वापरलेलं तेल गोळा करायची सोयच नव्हती, सगळं बाहेर उडे. वैमानिकाचा चष्मा, मिशा, कोट तेलाने माखत आणि नाकातोंडातून पोटात गेलेलं एरंडेल आपलं औषधी कामही करून जाई. १९१७ साली सॉपविथ कॅमल उडवणारे आपले हरदित सिंग मलिकही असल्याच इंजिनामागे बसून लढले. युद्धात तेल कुठे पडतंय हे कोण बघतो? पण शांततेच्या काळातही मोटारगाड्यांच्या पोटातून तसाच एक पाइप रस्त्याकडे तोंड करून सोडलेला असे आणि त्यातून तेलाचा वाफारा रस्त्यावर पडे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं रसायन अरी हागेन-स्मिट यांनी उलगडून दाखवलं, तेव्हा कुठे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांचा हा वाफारा परत इंजिनातच जाळायची सक्ती आली. मोटारीवर बसलेलं पहिलं प्रदूषण-नियंत्रण म्हणजे सायलेन्सरमधलं कुठलं महागडं यंत्र नव्हतं; ती होती ब्रीदरला लावलेली एक नळी आणि एक व्हॉल्व्ह. पेट्रोल गाड्यांत आज ते गृहीत धरलं जातं. आमच्या बागांतून फिरणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांचा ब्रीदर मात्र अजूनही मातीकडे तोंड करून उघडा आहे. ब्लोअर जोडून ट्रॅक्टर ओळीतून जातो तेव्हा औषधाचा थेंबन् थेंब वहीत मोजलेला असतो आणि तेलाचा थेंब कुणीच मोजलेला नसतो. त्यामुळे घडात तेल जातं, असं मी म्हणत नाही. मोजण्याची आपली सवय गिऱ्हाइकापुरती आहे, एवढंच म्हणतो.

इथवर आण्णांची बाग आणि भाच्याचा स्क्रू यांवर बोलणं सोपं होतं. आता घरचं बोलतो.

महामार्गालगत अब्बांचं गॅरेज होतं. चिंचखेड चौफुलीवर उड्डाणपूल नव्हता तेव्हापासूनचं. गॅरेजचा धंदा आमच्या समाजातल्या कित्येक घरांनी केला, आजही करतात. शाळा अर्धवट सुटलेल्या पोराच्या हातात दुसऱ्या दिवशी पाना येतो. त्या पान्यावर आम्ही शिकलो, माझी पदवी त्याच काळ्या हातांची कमाई आहे. म्हणून हे लिहिताना जपून लिहायचा मोह होतो. पण खरं हेच की, चाळीस वर्षं त्या गॅरेजमधलं जळकं ऑइल कुंपणालगत ओतलं गेलं. धूळ बसते म्हणून. वाळवी लागत नाही म्हणून. टाकायला दुसरी जागा नाही म्हणून. बागायतदार डबा भरून नेत आणि मांडवाच्या लाकडी डांबांना बुडाशी लावत. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला नेत. उरलेलं पावसाबरोबर उताराने नाल्याला आणि नाल्यातून पाराशरीला. त्या कुंपणालगत आजही गवत उगवत नाही. दोन उन्हाळे मी तिथे कडुलिंब लावून पाहिला.

अब्बांना दोष द्यावा, असं मला वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण मला सांगितलं गेलंय. वापरलेलं इंजिन ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. २०२३ साली त्या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून वंगण बनवणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेलं तेल परत गोळा होईल, हे पाहण्याची जबाबदारी टाकली गेली. कागदावर उत्तम. पण छोट्या गॅरेजवाल्याच्या दारात कोण येतं? त्याच्याकडे एक ड्रम भरायला महिना लागतो. नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला एका ड्रमसाठी पिंपळगावला गाडी पाठवणं परवडत नाही. येतो तो दुसराच. तो रोख देतो, पावती देत नाही आणि तेल कुठे नेणार ते सांगत नाही. भट्टीत जाळलं जातं की भेसळ होऊन नव्या डब्यातून आपल्याच इंजिनात परत येतं, हे विचारायची सोय नसते. गॅरेजवाल्याला नियम मोडायची हौस नाही. त्याचाही ब्रीदर कुणीतरी स्क्रू पिळून बंद केलाय: "टाकू नको" सांगितलंय, "कुठे टाकू" ते सांगितलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गावात टोमॅटो आणि कांद्याच्या गाड्यांची रांग लावण्याची व्यवस्था होऊ शकते, त्या गावात जळक्या ऑइलचे चार ड्रम एका छपराखाली ठेवण्याची व्यवस्थाही होऊ शकते. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर येतातच. तिथे एक जागा, एक माणूस, एक वही. गॅरेजवाल्यांनी आपापले कॅन तिथे आणावेत आणि जबाबदारी असलेल्या कंपन्यांनी ते तिथून उचलावेत. एका ड्रमसाठी न येणारी गाडी चाळीस ड्रमांसाठी येईल. आणि गॅरेजवाल्यांनीही, म्हणजे आम्हीही, ते होईपर्यंत वाट बघत कुंपणालगत ओतत राहायचं नाही. झाकणाचा ड्रम, छपराखाली, खाली पत्र्याचा ट्रे. त्यात ब्रेक ऑइल, पाणी, रॉकेल मिसळायचं नाही, नाहीतर पुनर्प्रक्रियेला तेल निकामी होतं. एवढं आज करता येतं आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

छंद म्हणून इंजिन उडवणाऱ्या पोरांनाही माझं हेच सांगणं आहे. तुमच्या थेंबाने जग बुडणार नाही. पण जो हात आज मुठीएवढ्या इंजिनाखाली बाटली बांधायला शिकेल, तोच उद्या ओझरच्या शेडमध्ये किंवा स्वतःच्या गॅरेजमध्ये पाना धरणार आहे. सवय छोट्या इंजिनावरच लागते. मोठ्या इंजिनापर्यंत पोचेतो हात बनलेला असतो.

भाच्याने आता बाटली बसवली आहे. जुन्या आयड्रॉपच्या शिशीची. वजन जेमतेम काही ग्रॅम. त्यासाठी विमानाचा तोल पुन्हा साधावा लागला आणि त्यात त्याचा एक रविवार गेला. उडवून आला की तो शिशी गॅरेजमधल्या ड्रमशेजारी ठेवलेल्या वेगळ्या बरणीत रिकामी करतो, कारण मिथेनॉलचं तेल इंजिन ऑइलमध्ये मिसळायचं नसतं. अब्बा बरणी उजेडात धरून बघतात. परवा त्यांना तिच्यात करडी चमक दिसली. मागचं बेअरिंग जाणार, असं त्यांचं मत आहे.

आण्णांना आम्ही पुन्हा विचारलं, त्या रानात उडवू का म्हणून. ते म्हणाले, छाटणीनंतर या, आणि ती बाटली मला आधी दाखवा.